लॅमिनेट केलेलं पथ्य

"नको म्याडम, चहा मना हाये," सुखदेवराव म्हणाले आणि मंदाताईंनी पुढे केलेला कप त्यांनी अलगद परत सरकवला.

"कोणी मना केला?" मी विचारलं.

"तुमीच."

मी हसले. त्या दिवशी मी खुशीत होते. कार्तिकातला गुरुवार होता. माझं मुख्य क्लिनिक अकोल्यात, जठारपेठेत आहे. दर गुरुवारी मी मूर्तिजापूरला येते, एका औषधाच्या दुकानावरच्या खोलीत दिवसभर पेशंट तपासते आणि संध्याकाळी परत जाते. मी त्वचारोगतज्ज्ञ. इकडे 'चामडीची डाक्टरीन' म्हणतात, आणि ते चुकीचंही नाही. माझ्या मोबाइलवर सुखदेवरावांचे दोन फोटो शेजारी-शेजारी उघडे होते. एक अडीच वर्षांपूर्वीचा, एक आत्ताच काढलेला. पहिल्यात नाक आणि गाल तांबडे-काळपट, सुजलेले, वर पू धरलेले फोड. दुसऱ्यात स्वच्छ चेहरा. असा रिझल्ट आमच्या कामात रोज मिळत नाही. म्हणून तर मी नंबर लावणाऱ्या मंदाताईंना खालून चहा आणायला लावला होता.

सुखदेवरावांनी पिशवीत हात घातला आणि एक कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला. लॅमिनेट केलेला. वर भोक पाडून त्यात सुतळी ओवलेली, खिळ्याला टांगायला.

कागद माझाच होता. वर लिहिलेलं, 'हे टाळा'. खाली यादी. उन्हात जाणे. चुलीजवळ, विस्तवाजवळ बसणे. गरम चहा, कॉफी. तिखट, मसालेदार जेवण. गरम पाण्याने तोंड धुणे. दारू. दमछाक होईल असे काम. राग, चिंता. त्याखाली माझी सही आणि क्लिनिकचा गोल जांभळा शिक्का.

"हे सगळं पाळलं तुम्ही?"

"सारं. सव्वादोन वर्सं."

"राग-चिंतासुद्धा?"

"राग कोनावर करू? घरी कोनीच नाही."

मी फोटो त्यांच्यापुढे धरला. "बघा तरी, केवढा फरक आहे." त्यांनी चष्मा वर सरकवला. बराच वेळ बघत राहिले. मग मोबाइल मला परत दिला.

"चेहरा साजरा झाला म्याडम. पन पाहाले कोनी नाही."

मंदाताईंनी चहाचा कप उचलला आणि बाहेर नेला. मी पुढच्या तपासणीची तारीख लिहायला घेतली.

ही गोष्ट सुरू झाली अडीच वर्षांपूर्वी, मे महिन्यात. सुखदेवराव मूर्तिजापूरजवळच्या एका गावचे. शाळेत शिपाई होते. पस्तीस वर्षं घंटा वाजवली, नोटिसा फिरवल्या, मग रिटायर झाले. बायको आधीच गेलेली. मुलगा पुण्याकडे नोकरीला. पहिल्यांदा आले तेव्हा तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला होता. सोडला तेव्हा म्हणाले, "आग होते जी. जसं कोनी चटका देऊन राहिलं."

गोऱ्या कातडीवर हा आजार लगेच ओळखू येतो, कारण लाली दिसते. आपल्याकडच्या सावळ्या चेहऱ्यावर लाली लपते. चेहरा नुसता तांबूस किंवा काळपट वाटतो. लोक म्हणतात ऊन लागलं, वांग आले, पित्त झालं, रक्त बिघडलं. डॉक्टरसुद्धा फसतात. म्हणून मी आधी बोटांची मागची बाजू गालाला लावून पाहते. त्यांचा गाल गरम लागला. मग काचेची पट्टी गालावर दाबून धरली. दाबलं की रंग गेला, काच उचलली की परत भरला. याचा अर्थ रंग कातडीचा नव्हता, कातडीखालच्या फुगलेल्या रक्तवाहिन्यांचा होता. नाकाच्या बाजूला बारीक लाल धाग्यांसारख्या रेषा होत्या. फोड होते, पण तारुण्यपीटिकांत असतात तसे काळे-पांढरे ठिपके एकही नव्हते. चेहऱ्यावर लाली आणणारे दुसरेही काही आजार आहेत, त्यासाठी रक्त तपासून घेतलं. ते साफ आलं.

आजाराचं नाव रोझेशिया. मी पेशंटला तो असा सांगते. तुम्ही लाजलात, चिडलात, उन्हातून आलात की चेहऱ्याकडे रक्त धावतं. सगळ्यांचंच धावतं. थोड्या वेळाने ते ओसरतं. काही लोकांच्या चेहऱ्याच्या नसा मात्र जरा जास्तच हळव्या असतात. जराशा कारणाने त्या फुगतात आणि मिटायला उशीर लावतात. सुरुवातीला नुसता चेहरा तापतो. वर्षानुवर्षं असं होत राहिलं की नसा मिटायच्याच बंद होतात आणि लाली मुक्कामाला राहते. पुढे सूज, फोड. काहींचे डोळे चुरचुरतात. काही पुरुषांचं नाक जाड होतं, खडबडीत होतं. नेमकं कारण एकच असं नाही. थोडं घराण्यातून येतं, थोडी शरीराची रोगाशी लढायची यंत्रणा उगाच चवताळते, आणि सगळ्यांच्याच कातडीवर राहणारे डोळ्यांना न दिसणारे किडे यांच्या चेहऱ्यावर जास्त माजतात. दारूने होतो असं लोक म्हणतात. सुखदेवरावांनी आयुष्यात थेंब घेतलेला नव्हता. आणि हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

"आत्तापर्यंत काय लावलं?" मी विचारलं.

त्यांनी खिशातून पिळून चपटी केलेली ट्यूब काढली. मेडिकलवाल्याने दिलेली. वर्षभर लावत होते. त्यात स्टेरॉइड होतं. ते लावलं की नसा आवळतात आणि चेहरा चार दिवस छान दिसतो. थांबवलं की दुप्पट उसळतो. म्हणून माणूस परत लावतो. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या चेहऱ्यांवर आधी ही ट्यूब येऊन गेलेली असते.

"आजपासून बंद," मी म्हटलं. "महिनाभर फार त्रास होईल. चेहरा आत्तापेक्षा वाईट होईल. घाबरायचं नाही, आणि परत लावायची नाही."

"कागदावर लिवून द्या."

मी लिहून दिलं. त्रास झालाच. जून महिन्यात आले तेव्हा चेहरा बघवत नव्हता. पण ट्यूब त्यांनी लावली नव्हती. अशा वेळी दहातले सात जण चोरून लावतात. मी त्यांना शाबासकी दिली. मलम दिलं, गोळ्या दिल्या, ऊन अडवणारं क्रीम दिलं. ऑगस्टपर्यंत फोड बसले. आणि मी त्यांना ती यादी दिली.

यादीची गोष्ट सांगते. अमुक गोष्टींनी नसा फुगतात, त्या टाळा, असं प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं असतं. मी ते मराठीत टाइप करून झेरॉक्स काढून ठेवलं होतं. गुरुवारी ऐंशी-नव्वद पेशंट असतात. प्रत्येकाला बसून सांगायला वेळ नसतो. यादी हातात दिली की माझी दोन मिनिटं वाचतात. बहुतेक पेशंट ती घडी करून खिशात घालतात आणि खिशातच विसरतात. मला ते माहीत होतं. म्हणजे माझी यादी कोणी पाळत नाही, या भरवशावर मी ती वाटत होते. सुखदेवरावांच्या कागदावर सही झाल्यावर त्यांनी विचारलं, "शिक्का?" मी शिक्काही मारला. पस्तीस वर्षं शिक्क्याचे कागद घेऊन वर्गावर्गांत फिरलेला माणूस. शिक्का मारला की सूचनेचा हुकूम होतो, हे त्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं.

त्यानंतर ते दर तीन महिन्यांनी येत राहिले. मी चेहरा पाहायची, 'छान' म्हणायची, गोळ्या कमी करायची. दहा भेटी झाल्या असतील. कसे आहात हे मी प्रत्येक वेळी विचारलं, पण विचारताना बघत होते नाकाकडे.

तर त्या कार्तिकातल्या गुरुवारी मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "सुखदेवराव, बसा. हा कागद पाळला म्हणजे काय-काय केलं ते मला एकेक करून सांगा."

ते सांगत गेले. कुरकुर नव्हती, एखादा रिपोर्ट द्यावा तसं सांगत होते. सकाळी फाट्यावरच्या टपरीत चौघं बसायचे. चहा मना झाला, तर चहा न पिता टपरीत बसायचं कसं? जाणं सोडलं. दुपारी पाराजवळ पत्ते चालायचे. तिथे ऊन येतं. ते सोडलं. लग्नात, तेराव्यात पंगतीला बसलं की भाजीत तिखट असायचंच. 'तिखट चालत नाही' म्हटलं की वाढणाऱ्याचं तोंड उतरायचं. जाणं सोडलं. सून घरी आली की प्रेमाने भाकर-ठेचा करायची. तेही नको म्हटलं. आता ती यायची कमी झाली.

आणि रोडगे. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, फोडून तुपात चुरतात आणि वांग्याच्या भाजीशी, वरणाशी खातात. थंडीत गावोगाव मारुतीपुढे, शेतात या पंगती होतात. त्या निखाऱ्यांच्या ढिगाला जगरा म्हणतात. तो सांभाळणं हे येरागबाळ्याचं काम नाही. जरा चुकलं की रोडगा वरून जळतो, आत कच्चा राहतो. त्यांच्या गावात जगरा दोघं सांभाळायचे, सुखदेवराव आणि त्यांचे दोस्त तुळशीराम. तीस वर्षं. यादीत 'विस्तवाजवळ बसणे' होतं. दोन थंड्या ते रोडग्यांना गेले नाहीत.

"तुळशीराम काही म्हणाले नाहीत?"

"थो वारला."

"कधी?"

"औंदा मे मयन्यात. दुपारी बाराले माती होती."

माती म्हणजे अंत्यविधी.

"उनात जाऊ नका, असं लिवलं होतं," ते म्हणाले. "मी दारात उभा राहिलो. घरापुढूनच नेलं त्याले. त्याच्या पोरानं, बबननं, माह्याकडं पाह्यलं. मंग पुढं गेला."

मी जवळजवळ ओरडलेच, "अहो, पण अशा वेळी कोण कागद बघतं! दुपट्टा गुंडाळून जायचं होतं! एक दिवस चेहरा लाल झाला असता तर काय आभाळ कोसळणार होतं?"

त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "असं कुठं लिवलंय?"

लिहिलं नव्हतंच. राग माझा मलाच आला होता, आणि काढला त्यांच्यावर. थोड्या वेळाने मी विचारलं, "मग जेवता कोणासोबत?"

"टीव्हीसंगं." मग त्यांनी साध्या चौकशीच्या सुरात विचारलं, "तुमी कोनासंगं जेवता?"

मंदाताई दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, "आज नंबर खूप आहेत," आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

आता खरं सांगायला हरकत नाही. माझे यजमान पाच वर्षांपूर्वी गेले. मुलगी बंगलोरला. दुपारचा डबा मी क्लिनिकच्या आतल्या खोलीत खाते, रात्री मोबाइल पाहत. कोणी जेवायला बोलावलं की मी म्हणते, मला पथ्य आहे. कसलं पथ्य ते कोणी विचारत नाही, डॉक्टरला कोण विचारणार? मला शुगर नाही, बीपी नाही. जोडप्यांच्या घरी एकटीने जाऊन बसणं नको वाटतं, एवढंच. सुखदेवरावांचं पथ्य निदान दुसऱ्या कोणीतरी दिलेलं होतं.

अकोल्याला परत येईपर्यंत मला चैन पडलं नाही. घरी आल्याबरोबर अमरावतीला सरांना फोन लावला. मी नवी असताना त्यांच्या हाताखाली शिकले. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत, कानाने कमी ऐकतात आणि तोंडाने पूर्वीइतकंच रागावतात.

"यादी कुठली दिलीस?"

"सगळी, सर. पुस्तकातली."

"मग पुस्तकाचा इलाज केला तू. पुस्तकाचं नाक लाल झालं होतं काय?"

"नाही सर."

"एकेक गोष्ट तपासाची असते, बाई. कोणाला उन्हानं होते, कोणाला चहानं, कोणाला दोन्हीनं काहीच होत नाही. सारंच बंद केलं तर चेहरा बरा होणारच. माणूस कपाटात कोंडला तरी बरा होईल. त्याले डायरी दिली?"

"नाही."

"मंग दे. फोन ठेव."

मी पुढच्याच गुरुवारी सुखदेवरावांना बोलावलं. लॅमिनेट केलेला कागद काढून घेतला आणि सांगितलं की हा हुकूम रद्द. आता शोध घ्यायचा. आठवड्याला एकच गोष्ट सुरू करायची. ती केल्यावर चेहरा तापला का, किती वेळ तापला, ते लिहायचं. औषध आणि क्रीम चालूच ठेवायचं. ते म्हणाले, "शिक्का?" मी म्हटलं, "शिक्का शेवटी. आधी तुम्ही लिहा."

त्यांनी शाळेतलं एक कोरं हजेरी रजिस्टर शोधून काढलं. पट्टीने रकाने आखले. दर गुरुवारी घेऊन यायचे. अक्षर असं की आमच्या कित्येक डॉक्टरांनी लाजावं.

'ठेचा. लाल नाही.' दुसऱ्या दिवशी पुन्हा, 'ठेचा, जास्त. लाल नाही.' त्याच्या पुढच्या ओळीत, 'सून आली होती.' म्हणजे सव्वादोन वर्षं हा माणूस फिक्कं वरण खात होता, विनाकारण. 'चहा गरम. लाल, अर्धा घंटा.' 'चहा निवलेला. लाल नाही.' म्हणजे दोष चहाचा नव्हता, त्याच्या गरमपणाचा होता. कप दहा मिनिटं ठेवून द्यायचा की झालं. 'टपरीवर बसलो. तिघं होतो. लाल नाही.' ऊन मात्र खरं निघालं. 'ऊन, पंधरा मिनिटं, दुपट्ट्याशिवाय. लाल, सांजेपर्यंत.' सकाळचं ऊन, दुपट्टा आणि क्रीम लावून, चालत होतं.

आठ ओळींच्या यादीतल्या चार ओळी अशा खोट्या ठरल्या, दारूची तर त्यांना लागूच नव्हती. किंवा पुस्तकासाठी खऱ्या आणि सुखदेवरावांसाठी खोट्या. पौष संपत आला. एकच रकाना कोरा राहिला होता.

"विस्तव राहिला," मी म्हटलं.

"राहू द्या."

"का?"

"विस्तवानं लाल होतोच मी. मले ठाव हाये. आधीबी व्हाचो. जगऱ्यावरून आलं की तीन-तीन दिवस आग." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आन् मले कोनी बलावत नाही आता. जगरा बबन पाह्यते."

"रोडग्यांची पंगत तर सगळ्या गावाची असते ना? बोलावणं लागत नाही."

"जेवाले लागत नाही. जगऱ्याले लागते."

मी विचारलं, "कधी आहे?" ते म्हणाले, माघातला दुसरा शनिवार. मी म्हटलं, "मी येते." हे मी का म्हटलं ते आजही मला नीट सांगता येणार नाही. शनिवारी माझी जठारपेठेत ओपीडी असते. ती मी त्या दिवशी बंद ठेवली. मंदाताईंना वाटलं मला बरं नाही.

गाव लहान. मारुतीच्या देवळामागे मोकळी जागा, कडेला कडुनिंब. सकाळी दहालाच जगरा पेटला होता. एक चाळिशीचा माणूस लांब काठीने गोवऱ्या सारत होता. तोच बबन. सुखदेवराव कडुनिंबाखाली दुपट्टा गुंडाळून उभे होते, पाहुण्यासारखे. येणारे-जाणारे 'राम राम' म्हणत होते, पण थांबत कोणी नव्हतं. जिथे तीस वर्षं मालकासारखे वावरले तिथे हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. मला ते बघवेना.

मी सरळ बबनकडे गेले. माझी ओळख सांगितली. त्याने काठी थांबवली नाही.

"सुखदेवमामाचा इलाज करता काय तुमी? मंग इचारा त्याइले, माह्या बापाच्या मातीले काहून नाही आले? तीस वर्सं एका पानात जेवले. दारातून पाहून राहिले होते, माह्या डोयानं पाह्यलं मी."

"त्यांनी सांगितलं नाही का तुम्हाला?"

"मी इचारलं नाही. त्याइनं सांगतलं नाही."

मी पर्समधून तो लॅमिनेट केलेला कागद काढून त्याला दिला. त्याने काठी काखेत धरली आणि वाचला. पहिल्या ओळीवर थांबला. पुन्हा वाचला.

"हे तुमी लिवलं?"

"हो. सही माझी आहे. चूक पण माझीच. त्यांनी फक्त पाळलं."

मला वाटलं तो चार शब्द सुनावेल. मी ऐकून घ्यायच्या तयारीनेच आले होते. तो कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्याडम, वऱ्हाडातल्या मानसाले 'उनात जाऊ नका' लिवता? मंग जाव कुठं त्यानं?" त्याने कागद माझ्या हातात परत ठेवला आणि जगऱ्याकडे वळला.

मी कडुनिंबाखाली येऊन बसले. सुखदेवरावांनी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. बायका तिकडे वांगी चिरत होत्या. अर्धा तास गेला. मला वाटायला लागलं की मी येऊन उगाच खपली काढली.

मग बबन आला. दुपट्ट्याच्या टोकात एक गरम रोडगा धरलेला. सुखदेवरावांपुढे उकिडवा बसला.

"मामा, पाहा बरं. झाला काय?"

सुखदेवरावांनी रोडगा हातात घेतला, या हातातून त्या हातात केला, कानाजवळ नेला आणि बोटाच्या पेराने दोनदा ठोकला. भाजलेला रोडगा पोकळ वाजतो, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

"आतून वला हाये. राख पसरून दे वरतून. दहा मिन्टं."

"बाबा बी असंच म्हनाचा," बबन म्हणाला.

"त्यानंच शिकवलं मले." मग थांबून, "बबन, मी त्या दिवशी…"

"राहू द्या मामा. कागद वाचला मी."

तो उठून गेला. दहा मिनिटांनी दुसरा रोडगा घेऊन आला. मग तिसरा. दोन तास हेच चाललं. जगरा पंधरा-वीस पावलांवर, सुखदेवराव सावलीत. शेवटी न राहवून ते एकदा उठलेच, जगऱ्यापाशी गेले आणि काठी हातात घेतली. मी मनात मिनिटं मोजली. बारा झाली. परत आले तेव्हा दुपट्टा सुटलेला आणि चेहरा तापलेला.

"लाल झालो काय?"

"झालात."

"किती दिवस राहीन?"

"औषध चालू आहे. दोन दिवस, फार तर तीन."

"मंग राहू द्या," ते म्हणाले.

पंगत बसली. मला त्यांच्या शेजारी बसवलं. पलीकडे बबन. वाढणाऱ्या बाईने माझ्या पत्रावळीवर दोन रोडगे ठेवले आणि तुपाची वाटी वाकवली. पाच वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडात आलं, 'नको, मला पथ्य…' सुखदेवराव माझ्याकडेच पाहत होते. मी वाक्य गिळलं आणि पत्रावळ पुढे केली. रोडगा मला चुरता येईना, तेव्हा बबनने हात लांब करून चुरून दिला. भाजी तिखटजाळ होती. डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते तिखटाचं आहे असं सगळ्यांनी समजून घेतलं.

पुढच्या गुरुवारी ते रजिस्टर घेऊन आले. शेवटचा रकाना भरलेला होता. 'रोडगे. विस्तव, लांबून. लाल नाही. विस्तव, जवळून, बारा मिनिटं. लाल, दोन दिवस.'

"आता शिक्का मारा," ते म्हणाले.

"कशावर? हे तर तुमचं तुम्हीच शोधलंत."

"मंजूर म्हनून."

मी पेन घेतलं, 'मंजूर' लिहिलं, सही केली. शिक्का उचलला तेव्हा खालची ओळ दिसली. त्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'डाक्टरीनबाई. रोडगे दोन. पंगतीत जेवल्या. पथ्य नाही.' शिक्का दोन्ही ओळींवर येईल असा मी मारला.

तुळशीराम काही परत येणार नाहीत. त्या दुपारी सुखदेवराव दारातच उभे होते, आणि ते माझ्याच कागदामुळे. तेवढं कुठल्याही रजिस्टरमध्ये दुरुस्त होत नाही. लॅमिनेट केलेला कागद माझ्या टेबलाच्या खणात सुतळीसकट पडलेला आहे. छापील यादी मी बंद केली. नवा पेशंट आला की केसपेपरवर वय, वजन, आधीची औषधं यांच्यानंतर मी एक प्रश्न विचारते, जेवता कोणासोबत? बहुतेक जण हसून पटकन सांगतात. काही जण उत्तर द्यायला वेळ लावतात. त्यांना मी काही मना करत नाही, आणि तीन महिन्यांऐवजी पुढच्या गुरुवारी बोलावते.